‘सुनयना’ची टाकी

बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या जेट्टीवर रोहिदास कोसळला तेव्हा त्याच्या हातात डिझेलचा कॅन होता. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या होड्या पाण्यात ढकलायची सगळ्यांची घाई चालली होती आणि रोहिदास आपल्या ‘सुनयना’ची टाकी भरत होता. एक कॅन ओतून झाला, दुसरा उचलला, आणि उजवा पाय त्याच्या अंगाखालून निघूनच गेला. शेजारच्या होडीवरून नंदकिशोरनं उडी मारली. चारपाच जणांनी उचलून त्याला रिक्षात घातलं. वाशीच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत तोंड वाकडं झालं होतं आणि जीभ जड.

त्या धावपळीत टाकीचं झाकण कोणी आवळलं नाही. ते नुसतं तोंडावर टेकवलेलं राहिलं. संध्याकाळी नंदकिशोरनं होडीवर निळी ताडपत्री टाकली, दोऱ्या बांधल्या आणि तो घरी गेला. झाकण बघायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

होडी रोहिदासच्या आईच्या नावाची. फायबरची, दोन सिलिंडरचं इंजिन. गावात याहून मोठ्या होड्या होत्या, पण एका हँडलात सुरू होणारं इंजिन रोहिदासचंच, असं सगळे म्हणायचे. त्याला तो कोणाला हात लावू देत नसे. एकुलता एक मुलगा प्रितेश बारावी झाला आणि महापेला एका कुरिअर कंपनीच्या गोदामात लागला, तेव्हा रोहिदासला वाईट वाटलं नाही. खाडीत आता काय राहिलंय, असं तोच म्हणायचा. तरी स्वतः मात्र भरती-ओहोटी बघून रोज जायचा. येताना कोळंबी, बोयरं, नशीब असलं तर एखादा जिताडा. त्याची बायको जमुना ते सगळं पाटीत घालून बेलापूरच्या मार्केटात बसायची.

हॉस्पिटलात आठवडा झाला तेव्हा डॉक्टरांनी जमुनाला बाहेर बोलावलं. माणूस वाचला, ते म्हणाले. नशीब असलं तर घरातल्या घरात चालेल. पण होडीबिडी विसरा, मावशी. जमुनानं मान हलवली. आत आली तर रोहिदास छताकडे बघत होता. इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून एक शब्द धड निघाला नव्हता. तिला बघून त्यानं ओठ हलवले, लाळ गळली, तिनं पुसली. पुन्हा हलवले. तिसऱ्यांदा तिला कळलं. तो “इंजिन” म्हणत होता.

इंजिन फार दिवस बंद ठेवायचं नसतं, आठवड्यातून एकदा तरी फिरवायचं, हे तिला ऐकून ऐकून माहीत होतं. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, “प्रितेश फिरवतंय ना. दर रविवारी फिरवतंय. तुमी नको काळजी करू.”

रोहिदासनं डोळे मिटले. पहिल्यांदाच तो शांत झोपला.

त्या वेळी हे अगदीच खोटं होतं असं नाही. पुढच्या रविवारी प्रितेश खरोखर जेट्टीवर गेला. ताडपत्री सोडली, हँडल लावलं, जोर केला. हँडल अर्धं फिरून अडकलं. नंदकिशोरला बोलवावं असं त्याला वाटलं, पण तो समुद्रावर होता. पुढच्या रविवारी बघू म्हणून प्रितेश परतला. त्या रविवारी बापाला घरी आणायचं होतं, त्याच्या पुढच्या रविवारी त्याला ड्युटी लागली. मग एका रात्री आईनंच त्याला सांगितलं की राहू दे. डॉक्टर काय म्हणाले ते त्यालाही माहीत होतं. ज्या होडीत बाप कधी बसणार नाही तिचं इंजिन फिरवून काय करायचं? पण त्याला तसं सांगायचं नाही. विकायचीही नाही, विकली तर गावात लगेच कळेल आणि त्याच्याही कानावर जाईल. असू दे तशीच.

तशी ती राहिली.

रोहिदासच्या घरापासून जेट्टी फार लांब नाही, पण मध्ये दोन गल्ल्या आणि मच्छीमार्केटची शेड, त्यामुळे खिडकीतून काही दिसत नाही, आणि वारा तिकडून असल्याशिवाय ऐकूही येत नाही. रिक्षातून नेऊन आणू का, असं नंदकिशोरनं सुरुवातीलाच विचारलं होतं. रोहिदासनं डावा हात जोरानं हलवला. मोडकंतोडकं बोलायला लागल्यावर त्यानं कारण सांगितलं. कुणाच्या खांद्यावर तिथे जायचं नाही. तिथून उचलून आणला ना, आता पायानं जाईन.

आणि तो चालण्याच्या मागे लागला. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, ती म्हणायची की असा पेशंट बघितला नाही. दाराच्या चौकटीला कप्पी लावून दिली होती. डाव्या हातानं दोरी ओढायची म्हणजे उजवा हात वर जायचा. सांगितलं त्याच्या दुप्पट वेळा तो ओढायचा. दुखलं की शिव्या घालायचा, आणि पुन्हा ओढायचा. भिंतीला धरून ओटीपर्यंत, मग ओटीवरून अंगणापर्यंत. जमुना पाटी घेऊन निघायची तेव्हा तो अंगणात, परत यायची तेव्हाही अंगणातच.

रविवारी सकाळी प्रितेश बाहेर पडायचा. जेट्टीवर जाऊन टपरीवर चहा प्यायचा, मोबाइल बघत बसायचा. घरी आला की रोहिदास त्याला जवळ बोलवायचा आणि त्याचे हात हुंगायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा प्रितेश घाबरला. हात जेवायला बसावं इतके स्वच्छ होते. आज पुसून आलो, तो म्हणाला. पुढच्या खेपेपासून तो नंदकिशोरच्या होडीवर चढून इंजिनावरून हात फिरवायला लागला. ताज्या डिझेलचा, ग्रीसचा वास हाताला लागायचा. रोहिदास हुंगून मान डोलवायचा. धूर कसा येतो, विचारायचा. काळा का पांढरा. टाकी भरलेली ठेव, सांगायचा, रिकामी टाकी पानी धरतंय. प्रितेश हो म्हणायचा.

गावाला सगळं ठाऊक होतं. भेटायला येणारे रोहिदासला सांगायचे, काल तुझ्या इंजिनाचा आवाज ऐकला, एकदम खणखणीत. सांगणाऱ्यांत नंदकिशोर सगळ्यात पुढे. बिचाऱ्याला तेवढाच आधार, असं बाहेर पडल्यावर म्हणायचे. चांगल्या मनानंच म्हणायचे.

चार पावसाळे गेले. ताडपत्री उन्हानं विरली, कडेला फाटली. नंदकिशोरनं एकदा वरून दुसरी टाकली, वाऱ्यानं ती उडाली, मग कोणी टाकली नाही.

यंदा आषाढात एका सकाळी जमुना मार्केटला जायला निघाली तर रोहिदास काठी टेकत गल्लीच्या तोंडाशी उभा. एकटा. घामानं भिजलेला, पाय थरथरत होता, पण उभा. तिच्याकडे बघून तो हसला. त्याचं तोंड अजून थोडं वाकडंच होतं. म्हणाला, “नारली पुनवेला मी होडीत बसतंव.”

जमुनाच्या हातातली पाटी खाली आली. तिला आनंद झाला, झालाच. पण त्याच्या मागोमाग जेट्टीवरची फाटकी ताडपत्री तिच्या डोळ्यांपुढे आली. मार्केटात गिऱ्हाईक काय मागतंय ते तिला ऐकू येईना.

रात्री तिनं प्रितेशला सांगितलं. त्यानं मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, सांगून टाकू का आई? तिनं नको म्हटलं. एवढा उभा राहिलाय तो, आता कुठे सांगतोस. त्यापेक्षा इंजिन नीट करून घेऊ. पुनवेच्या आत. सर्व्हिसिंग चाललंय म्हणून सांगू.

कोंडिबाचं नाव तिलाच आठवलं. कळंबोलीला ट्रकांच्या पार्किंगमागे त्याचं पत्र्याचं गॅरेज, डिझेल पंपाची कामं करायचा. मूळचा साताऱ्याकडचा. ‘सुनयना’चा पंप त्यानंच एकदा बांधून दिला होता आणि रोहिदासचा त्याच्यावर विश्वास होता. ती स्वतः बस पकडून कळंबोलीला गेली. कोंडिबानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, टाकीत डिझेल हाय का? आहे, ती म्हणाली, भरून ठेवलेलं आहे. त्यानं तोंड वाकडं केलं. रिकामी असती तर बरं झालं असतं, म्हणाला.

ठरल्या सकाळी तो आला. पाऊस उघडला होता, ओहोटी होती, जेट्टीखालचा चिखल काळाभोर चमकत होता. प्रितेशनं सुट्टी घेतली होती. जमुनानं त्या दिवशी पाटी उचललीच नाही. रोहिदासला सांगितलं होतं की कोंडिबा सर्व्हिसिंगला येणार आहे, आणि तो खूश होता. त्याला माझा रामराम सांगा, म्हणाला.

ताडपत्रीचे तुकडे हातात आले. खाली साचलेलं पाणी, पानं, एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेलं जाळं. कोंडिबा पुढे झाला आणि टाकीच्या झाकणाला हात लावला. ते न फिरवताच उचललं गेलं. त्यानं ते उलटं करून बघितलं, मग जमुनाकडे बघितलं.

बॅगेतून त्यानं एक पारदर्शक नळी आणि हातपंप काढला. नळी टाकीच्या तळापर्यंत सोडली आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं ओढून घेतलं. बाटली होडीच्या कडेवर ठेवली. जरा वेळ थांबा, म्हणाला.

थोड्या वेळानं बाटलीत तीन थर दिसायला लागले. तळाला गढूळ पाणी. वरती चहाच्या काढ्यासारखं काळपट डिझेल. आणि मध्ये, दोघांच्या सांध्यावर, नासलेल्या सायीसारखा काळा-तपकिरी बुळबुळीत पडदा. बाटली हलवली की त्याच्या चिंध्या व्हायच्या आणि पुन्हा हळूहळू एकत्र यायच्या.

“हे काय आहे?” प्रितेशनं विचारलं.

कोंडिबानं समजावून सांगितलं. झाकणातून पाणी गेलं. पाणी जड, ते तळाला बसलं. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं जंतू धरतात, डिझेल खाऊन जगतात, आणि त्यांचा असा गाळ होतो. वरचं डिझेलही इतक्या वर्षांत जुनं होऊन चिकट झालंय. असं इंजिन फिरवलं असतं तर पहिल्यांदा फिल्टर तुंबला असता, मग पाणी पंपात जाऊन पंप गंजला असता. आता काय काय गेलंय ते उघडल्यावर कळंल. आधी सगळी टाकी उपसायची, वरचं-खालचं काही ठेवायचं न्हाई.

नंदकिशोर आपल्या होडीवरून बघत होता. तो म्हणाला की खाडीत सोडा, ओहोटीबरोबर जाईल, सगळे तेच करतात. जमुना त्याच्याकडे वळून म्हणाली की इथल्याच चिखलातले निवटे मासे मी लोकांना विकते. कोंडिबानं दोन रिकामे ड्रम आणलेच होते. कळंबोलीला जुनं तेल उचलणारी गाडी येते, तिला देईन, म्हणाला. आणि तो हातपंप मारायला लागला. काळं पाणी बादलीत पडायला लागलं. वास सुटला. तो डिझेलचा वास नव्हता. आंबट, कुजका, कुठल्या तरी बंद गटारासारखा. प्रितेशनं रुमाल नाकाला लावला.

बादली अर्धी भरली असेल. जमुनाला मागून काठीचा आवाज आला.

रोहिदास मार्केटच्या शेडखालून येत होता. एक पाऊल टाकायचा, काठी पुढे ठेवायचा, उजवा पाय ओढून घ्यायचा. स्वच्छ धुतलेला शर्ट घातला होता, केस विंचरले होते. कोणाला न सांगता निघाला होता. जेट्टीवरच्या बायका, जाळी विणणारे म्हातारे, सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि कोणीतरी टाळी वाजवली. त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड होता की जमुनाला ओरडून त्याला थांबवावंसं वाटलं. पण ती हलली नाही. कोंडिबाचा हातपंप थांबला होता. प्रितेश बादलीच्या आणि बापाच्या मध्ये उभा राहायला गेला आणि मग तसाच राहिला.

रोहिदास आला. होडीच्या कडेला हात लावला. आधी त्यानं फाटकी ताडपत्री बघितली, मग बादली. काठी जमुनाच्या हातात दिली. होडीला धरून तो हळूहळू वाकला, आणि ज्या उजव्या हाताला त्यानं इतकी वर्षं कप्पीवर वर-खाली केलं होतं तोच हात पुढे करून दोन बोटं बादलीत बुडवली. बोटं वर काढली. त्यांना काळा तुकडा चिकटला होता. त्यानं ती नाकाशी नेली.

बराच वेळ तो तसाच वाकलेला राहिला.

मग त्यानं प्रितेशकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, त्याच्या हातांकडे.

“यो इंजिन एकदाबी नाय फिरला,” तो म्हणाला. शब्द अगदी स्पष्ट आले.

प्रितेश म्हणाला, “बाबा, मी...” आणि हात खिशात घातले. नंदकिशोर होडीवरून खाली उतरला आणि रोहिदासच्या खांद्यावर हात ठेवायला गेला. रोहिदासनं त्याच्याकडे बघितलं. “तू आवाज ऐकतंस ना रे,” तो म्हणाला. “खनखनीत.” नंदकिशोरनं हात मागे घेतला.

जमुना म्हणाली की चला घरी. तो आला. ती धरायला गेली तर त्यानं धरू दिलं. येताना जे अंतर तो एकटा चालला होता ते परत जाताना त्याला जमेना. मार्केटच्या शेडमध्ये एका बाकावर बसला, मग प्रितेशनं रिक्षा आणली. तो निमूट आत बसला.

त्या दिवसापासून तो अंगणात आला नाही.

पहिले दोन दिवस जमुनाला वाटलं राग आहे, उतरेल. भांडावं त्यानं, शिव्या द्याव्यात. पण तो भांडला नाही. जेवायला दिलं की जेवायचा, औषध दिलं की घ्यायचा. भिंतीकडे तोंड करून पडायचा. व्यायामाची मुलगी आली तर त्यानं तिला बसायला सांगितलं, चहा द्यायला सांगितलं, आणि आज नको म्हणाला. दुसऱ्या खेपेलाही नको म्हणाला.

प्रितेशनं बापाचे पाय धरले. रोहिदासनं पाय मागे घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावरून हातही फिरवला नाही.

जेट्टीवर काम चालूच राहिलं. थांबवावं असं जमुनाच्या मनात आलं होतं, पण इंजिन सुरू झालेलं त्याला ऐकू आलं तर काही होईल, अशी वेडी आशा तिला होती. प्रितेशची तर होतीच. त्यानं कामावरून रजा घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्या इंजिनाशेजारी दिवसभर बसला. टाकी उपसून झाल्यावर तळाला गंज आणि चिखल. कोंडिबानं टाकीच बाहेर काढली. प्रितेशनं आत हात घालून तो चिखल खरवडला, स्वच्छ डिझेलनं धुतली, पुन्हा खरवडली, पुन्हा धुतली. बोटांची कातडी निघाली. नळ्या बदलल्या, फिल्टर बदलले. नोझल आणि पंप कळंबोलीला गेले. पंपाचा एक भाग गंजून जागीच धरला होता, तो बदलावा लागला. दुसरं कोणी असतं तर कोंडिबानं नवा पंप घ्या म्हटलं असतं. इथे तो त्या एका भागासाठी दोन दिवस फिरला.

पुनवेच्या आदल्या दिवशी भरतीला होडी पाण्यात ढकलली. गावातले सगळे आले, न बोलवता आले. टाकीत ताजं डिझेल ओतलं. कोंडिबानं पंपाचा स्क्रू सैल केला, हातानं डिझेल पुढे ढकलत राहिला, बुडबुडे येत राहिले. बुडबुडे थांबून नुसती धार आली तेव्हा त्यानं स्क्रू आवळला आणि प्रितेशला हँडल दिलं. तूच मार, म्हणाला.

पहिल्यांदा नाही झालं. दुसऱ्यांदा नाही. चौथ्या की पाचव्या वेळी इंजिन खोकलं, पांढरा धूर टाकला, बंद पडेलसं वाटलं आणि लागलं. दणदण दणदण. जेट्टीवरच्या लोकांनी गलका केला. जमुना तिथे थांबली नाही. ती धावत निघाली. पन्नाशी ओलांडलेली बाई, पदर कमरेला खोचलेला, मार्केटच्या शेडमधून, दोन्ही गल्ल्यांतून धावत घरी आली.

रोहिदास पडला होता. खिडकी उघडी होती. वारा जेट्टीकडून होता आणि इंजिनाचा आवाज घरात येत होता, नीट, स्पष्ट येत होता.

“ऐकताव ना?” ती धापा टाकत म्हणाली. “सुनयना हाय. आपली सुनयना.”

तो भिंतीकडेच बघत होता.

“नंदकिशोरची हाय,” तो म्हणाला.

जमुना उभी राहिली. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस. अंधारात, धुक्यात, पाच होड्यांच्या गोंगाटात त्याला आपलं इंजिन ओळखू येत असे. आताही ओळखू आलं होतं. तिनं त्याचा चेहरा बघितला तेव्हा तिला ते कळलं. त्याचे डोळे भरले होते आणि जबडा घट्ट मिटला होता.

ती त्याच्याजवळ खाली बसली. बाहेर इंजिन चालू होतं. चुकलं माझं, ती म्हणाली. पोराचं नाही, माझं चुकलं, मीच त्याला सांगितलं होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

त्यानं भिंतीकडची मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“खोटा बोललीस त्याचा काय नाय,” तो म्हणाला. एकेक शब्द ओढून आणावा तसा आणत होता. “इंजिन कोन फिरवत नाय? ज्याचा मानूस परत येनार नाय, तो. तुमी सगल्यांनी मना तवाच मसनात पोचवला व्हता. मीच येडा, हात वर करत बसलो.”

ते खरं होतं. त्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर बोलावलं तेव्हाच तिनं त्याला मनातून पोचवलं होतं, आणि त्यानंतर रोज सकाळी अंगणात तो एकेक पाऊल टाकताना बघूनही तिनं ते परत घेतलं नव्हतं. कप्पीची दोरी ती स्वतः बांधून द्यायची. पण तो कधी जेट्टीपर्यंत जाईल असं तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. आलं असतं तर तिनंच प्रितेशला जाऊन इंजिन फिरवायला लावलं असतं.

जरा वेळानं इंजिन बंद झालं. प्रितेश घरी आला, दारातच थांबला. आईचा चेहरा बघून तो हात धुवायला मोरीकडे वळला.

पुनवेला गाव वाजतगाजत जेट्टीवर गेलं. गल्लीतून मिरवणूक जाताना बँडवाले रोहिदासच्या दारात थांबले, नेहमीसारखे. नंदकिशोर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन आत आला. तू सोड, म्हणाला, होडी उभी आहे, खुर्चीवरून नेतो तुला. रोहिदास म्हणाला, तूच सोड. मग म्हणाला, होडी पण तूच ने. तुझ्या पोराला दुसरी हवी होती ना.

नंदकिशोर जमुनाकडे बघायला लागला. जमुनानं प्रितेशकडे बघितलं. प्रितेशनं चार वर्षांत न शिकलेलं इंजिन त्या आठवड्यात शिकून घेतलं होतं. रविवारी तरी जाईन बाबांना घेऊन, असं तो कोंडिबाला म्हणाला होता. तो पुढे आला आणि बोलायला लागला, बाबा, मी चालवतो, मला येतं आता. रोहिदासनं त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा थोडा मऊ झाला. “तू कामाला जा, बाला,” तो म्हणाला. “तुना खाडी नाय, ते बरा हाय.” त्यात राग नव्हता. राग असता तर प्रितेशला सोसलं असतं.

‘सुनयना’ नंदकिशोरकडे गेली. त्यानं नाव बदललं नाही. इंजिन चांगलं चालतं असं तो म्हणतो, पण रोहिदासला नाही सांगत. तो आता त्यांच्याकडे फारसा येतच नाही, आला तरी ओटीवरूनच जातो.

दिवाळीपर्यंत रोहिदासचा उजवा हात पुन्हा आखडला. बोटं तळव्यात मिटली. जमुना रोज तेल लावून एकेक बोट सोडवते, आणि सोडलं की ते परत मिटतं. काठी लागत नाही, कारण तो उठत नाही. डॉक्टरांनी तपासून विचारलं की एवढी सुधारणा झाली होती, मध्येच काय झालं? जमुना म्हणाली, काही नाही. मग त्यांनी दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

सकाळी ती मार्केटला जायला निघते तेव्हा तो जागा असतो. ती विचारते, आज काय आणू? तो म्हणतो, काही पण आण. पूर्वी तो सांगायचा की आज वारा कुठला आहे, आज बोयरं येतील, कोळंबी घेऊ नको, आज कोळंबी मऊ असेल. आता खिडकीतून वारा येतो तो त्याच्या अंगावरून जातो आणि तो काही सांगत नाही. ती पाटी डोक्यावर घेते, दार नुसतं लोटून घेते आणि जाते.